अर्धी तलफ

सिगारेट सोडल्यावर तिची आठवणसुद्धा येत नाही असं कुणी सांगितलं, तर खुशाल समजा की तो थापा मारतोय. मला येते. अजून येते. पण खरं सांगू का, सिगारेटीपेक्षा जास्त आठवण मला ती सोडतानाच्या दिवसांची येते. कानामागं चिकटवलेली ती नखाएवढी पट्टी, मागच्या दारच्या पायरीवर शेजारी बसलेली महानंदा, आणि दोघांच्या आत एकाच वेळी उठलेली ती एकच तलफ. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

मी गुरुपाद आवटी. राहायला जयसिंगपूरला. सगळा जन्म साखर कारखान्यात पॅनमन म्हणून काढला. आताच्या पोरांना पॅनमन म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगतो. उसाचा रस आटवून जो पाक होतो, तो मोठ्या बंद भांड्यात हवा काढून उकळायचा आणि नेमक्या वेळी त्यात साखरेचा दाणा धरवायचा. काचेच्या तुकड्यावर थेंब घ्यायचा, दिव्यापुढं धरायचा आणि दाणा बसला की नाही ते डोळ्यांनी ओळखायचं. आता ते सगळं यंत्रच बघतं. बघू दे बापडं. आमच्या वेळी दाणा बसला की माणसाला दहा मिनिटं मोकळी मिळायची, आणि ती दहा मिनिटं म्हणजे माझी सिगारेट.

कारखान्यात बगॅसचे, म्हणजे उसाच्या वाळक्या चिपाडाचे डोंगर, त्यामुळं आत काडी ओढायला सक्त मनाई. मग मी आणि बॉयलरवरचा दस्तगीर मुजावर, आम्ही दोघं स्प्रे पाँडच्या पलीकडं जायचो. तिथं कारखान्याचं गरम पाणी गार करायला कारंज्यासारखं उडवत ठेवलेलं असायचं. वारा आला की तुषार तोंडावर यायचे. सिगारेट एकच. निम्मी झाली की काही न बोलता दुसऱ्याच्या हातात द्यायची. रोज्याच्या महिन्यात दस्तगीर ओढायचा नाही, पण यायचा मात्र रोज. नुसता शेजारी उभा राहायचा. त्याच्या तोंडावर धूर जाऊ नये म्हणून मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला सरकायचो, आणि अर्धी ओढून उरलेली टाकून द्यायचो. ती पुढची अर्धी कधी गोडच लागली नाही.

निवृत्तीनंतर दस्तगीर पोराकडं हैदराबादला गेला. अर्धी वाटून घेणारा गेला आणि मी अख्खी ओढायला लागलो. महानंदा ओरडायची, मी ऐकायचो नाही. चाललं होतं आपलं.

मग आमच्या गिरिजाच्या किडन्या गेल्या.

एकुलती एक पोरगी. मिरजेला शाळेत शिकवायची. पाय सुजतात म्हणून दाखवायला गेली आणि डायलिसिसच्या खुर्चीवरच बसली. सोमवार आणि गुरुवार, चार-चार तास, रक्त नळीतून यंत्रात आणि यंत्रातून परत अंगात. जावयाची किडनी जुळेना, महानंदाला रक्तदाबाचा त्रास. प्रयोगशाळेत वाढवलेल्या किडन्या तोपर्यंत निघाल्या होत्या, पण त्यांची रांग काही वर्षांची. जुळली ती माझी. इतकी छान जुळली की डॉक्टर हसले. मग माझी फाइल चाळली आणि हसायचे थांबले.

"आवटी, दोन गोष्टी," ते म्हणाले. "सिगारेट पूर्ण बंद. रक्तात तिचा अंशही सापडला तर मी हात लावणार नाही. आणि वजन. आत्ताच जास्त आहे, साखर काठावर आहे. ते उतरवायचं. एक किडनी काढल्यावर उरलेलीवर तुम्हालाही जगायचंय."

"त्यात काय मोठं?" मी म्हटलं. पोरीसाठी जीव द्यायला तयार असलेला बाप, त्याला धुराचं काय मेलं कौतुक?

त्याच दिवशी सिगारेट बंद केली. नुसत्या हट्टावर. आणि जयसिंगपूरचा माणूस, हात रिकामा राहिला की करणार काय? भडंग. शेजारी भडंगाचा डबा घेऊन बसायचो आणि हात आपोआप सिगारेटीसारखा वर-खाली व्हायचा. भडंग झालं की शेंगदाण्याचा लाडू. लाडू झाला की जेवण. जिभेला इतक्या वर्षांनी चव आलेली, साध्या आमटीची फोडणीसुद्धा नाटकाच्या पडद्यासारखी उघडायची. काटा चढत गेला. ऑपरेशनची पहिली ठरलेली तारीख डॉक्टरांनी वजनापायी पुढं ढकलली. त्या संध्याकाळी मी रागारागानं पाकीट आणलं आणि अर्धं संपवलं. कुणावरचा राग, विचारू नका.

"असू दे अप्पा," गिरिजा एवढंच म्हणाली. तिचा हात सुयांनी काळानिळा झाला होता. शिरा दमत चालल्या होत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की आता फार ढकलता येणार नाही.

त्याच हॉस्पिटलात 'सोबत' नावाचा नवा उपचार चालू झाला होता. तिथं ऋचा नावाची पुण्याची एक समुपदेशक पोरगी होती, बोलायला गोड पण हिशेबाला पक्की. तिनं आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं, आणि ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

ती म्हणाली, "काका, मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला खोल एक घडी असते. शरीराच्या आतल्या सगळ्या बातम्या तिथं येतात. भूक, तहान, छातीतली धडधड आणि तलफसुद्धा. सिगारेट भूक दाबून ठेवायची आणि शरीराची भट्टी थोडी जास्त पेटती ठेवायची. ती गेली की भट्टी मंदावते, भूक उठते. आणि तलफ आणि भूक एकाच रस्त्यानं येत असल्यामुळं मेंदूची गफलत होते. हवी असते सिगारेट, तुम्ही खाता लाडू."

"हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"आत्ता सांगितलं ना. आता ऐका. तलफ म्हणजे एक लाट. उठते, चार-पाच मिनिटं राहते, ओसरते. माणूस हरतो तो लाटेच्या टोकाला. आमच्या संशोधकांना दिसलं की ही लाट दोन मेंदूंत वाटून दिली तर टोक निम्म्यावर येतं. ही पट्टी तुमची लाट वाचते, फोनवरून काकूंच्या पट्टीकडं पाठवते, आणि ती पट्टी ध्वनिलहरींनी काकूंच्या त्याच घडीला हलकेच जागं करते. त्यांच्याकडून उत्तर आलं की तुमची लाट बसते. भरलेली घागर दोघांनी दोन बाजूंनी उचलावी, तसं."

"म्हणजे ह्यांची तलफ मला येणार?" महानंदानं विचारलं.

"अर्धी."

महानंदानं माझ्याकडं असं बघितलं, की मी आयुष्यात केलेली सगळी पापं मला एकदम आठवली. मग तिनं पदर कानामागं सारला आणि म्हणाली, "लावा."

ऋचानं आणखी एक सांगितलं. रस्ता दुहेरी आहे, आणि भूकही त्याच रस्त्यावरची. ती थोडीबहुत झिरपणारच. म्हणून दोघांनी एकाच वेळी जेवायचं. "काकू, तुम्ही काही डाएट वगैरे करता का? जेवणाच्या वेळा चुकवणं, असलं काही?"

"छे हो," महानंदा म्हणाली. "तसलं काही नाही."

पहिली लाट आली ती सकाळच्या चहाला. मी कप खाली ठेवला, आणि स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. महानंदा दारात येऊन उभी राहिली. डोळे हे एवढे.

"अहो! मला ओढावीशी वाटतेय!"

मी इतका हसलो, इतका हसलो, की माझी अर्धी तिथंच विरली. ती मात्र चौकट धरून उभी. "हसता काय? छातीत कसं ओढल्यासारखं होतंय. हे असं होतं तुम्हाला? रोज?"

"रोज."

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "आणि मी तुम्हाला म्हणायचे, जरा मनावर घ्या. हे काय मनावर घ्यायचं काम आहे होय?"

तुम्हाला सांगतो, लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण एवढ्या जवळून मला कुणी कधी ओळखलं नव्हतं.

लाट असेपर्यंत बोलत राहायचं, असं ऋचानं सांगितलं होतं. गप्प बसलं की ती चढते. बोलणार काय? आमच्या घरात बोलणं म्हणजे वीजबिल भरलं का आणि दळण आणलं का. पण लाट आली की महानंदाच विचारायची, "ही कसली?" आणि मला कळायचं कसली ते. प्रत्येक सिगारेटीला तिची जागा असते. ही चहाची. ही जेवणानंतरची. ही दुपारी चारची, पाळी बदलतानाची, भोंगा व्हायचा तेव्हाची. मग मी त्या जागेचं सांगायचो.

मी तिला सांगितलं, की हंगामाची पहिली साखर पडायची तेव्हा सगळे ती ओंजळीत घ्यायचे, गरम असायची, आणि कुणी खायचं नाही, नुसतं बघायचे. मळीचा वास आमच्या कपड्यांना लागायचा, आणि तो वास मला आवडायचा, हेही सांगितलं. एकदा दाणा बिघडला, अख्खा पॅन वाया जाणार होता, आणि दस्तगीर बॉयलर सोडून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मदत काही करता येण्यासारखी नव्हती. नुसता उभा राहिला. गिरिजा झाली त्या दिवशी मी पाळीवर होतो, निरोप आल्यावर स्प्रे पाँडकडं पळालो आणि दोघांनी एक सिगारेट ओढली, तेव्हा दस्तगीरच रडला.

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही," महानंदा म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"तुमच्या तोंडाला वास यायचा. कोण जवळ येऊन विचारणार?"

त्या दिवसांत आम्ही एका ताटाला नसलो तरी एका वेळेला जेवायला लागलो. आधी मी जेवायचो आणि ती मागाहून, केव्हातरी, उभ्याउभ्या. आता ती मागाहून जेवली तर माझं पोट भरलेलं असून मला भूक लागलेली राहायची. चिडचिड व्हायची. "बस की तूपण!" मी ओरडायचो. ती बसायची. मुद्दाम मिरचीचा ठेचा लांब ठेवायची, मी मागितला की सरकवायची, आणि माझ्या आधी एक घास तरी घ्यायचीच. माझं वजन हळूहळू हलायला लागलं. धुराविना आठवडे गेले. डॉक्टरांनी नवी तारीख दिली, आणि ह्या वेळी तोंडानं दिली नाही, पत्रावर लिहून दिली.

फक्त सोमवार बिघडायचा.

सोमवारी महानंदा सकाळीच मिरजेला गिरिजाबरोबर जायची. डायलिसिसच्या खोलीत एकालाच बसू देत. गुरुवारी जावई जायचा, सोमवार हिचा. मी घरी. सकाळ बरी जायची. दुपारपासून काहीतरी पोटात खोल खणायला लागायचं. मी जेवायचो, भरपूर जेवायचो, तरी खड्डा भरायचा नाही. आणि त्या खड्ड्यातून तलफ यायची, ती अर्धी नव्हे, दीडपट. एका सोमवारी तर सगळा फराळाचा डबा मी उभ्यानं संपवला आणि मग बाथरूममध्ये तोंडात बोळा घेऊन बसलो. वजनाचा काटा सोमवारी चढायचा आणि बाकीचे दिवस तो उतरवण्यात जायचे.

ऋचानं सगळे आलेख बघितले. "काका, मुलीचं डायलिसिस असतं ना त्या दिवशी. ताण आहे. साहजिक आहे."

मलाही तसंच वाटलं. बापाचं काळीज आहे, तुटणारच.

तो सोमवार मोठ्या तपासणीच्या अलीकडचा. रक्त त्याच आठवड्यात घेणार होते. दुपारी जेवलो, परत जेवलो, आणि चारच्या सुमारास अंगाला कापरं भरलं. घरात बसवेना. स्कूटर काढली. कुठं जायचं ठरवलं नव्हतं, पण स्कूटरला ठाऊक होतं. कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन थांबली.

आत ओळखीचं काही उरलं नव्हतं. पॅन हाउसला काचा लागल्या होत्या. स्प्रे पाँड मात्र होता, लांबून पाणी उडताना दिसत होतं. फाटकासमोरची टपरीही होती. सुटी सिगारेट विकायला तेव्हा बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण टपरीवाला मला ओळखत होता.

"काय पॅनमन, लई दिवसांनी?" त्यानं विचारलं आणि मी न मागता एक काढून पुढं केली.

मी घेतली. त्याच जागेवर गेलो, कुंपणाच्या बाहेरून, जिथं तुषार येतात. सिगारेट ओठांत धरली. कोरड्या तंबाखूची ती चव ओठांना लागली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं होतं तिथं. वारा, मळीचा वास, पाण्याचा आवाज. फक्त एक काडी ओढायची राहिली होती. मला गिरिजा दिसत नव्हती का? दिसत होती. तिचा तो काळानिळा हात स्पष्ट दिसत होता, आणि तरीही माझा हात काडीपेटीकडं जात होता. तलफ म्हणजे काय ते ह्याहून वेगळं मला सांगता येणार नाही.

काडी पेटवली. आणि तेवढ्यात पोटातला खड्डा भरला.

एकाएकी. मी काही खाल्लं नव्हतं, तोंडात सिगारेटीशिवाय काही नव्हतं, आणि पोटात मात्र कुणीतरी घासामागून घास टाकत होतं. खणणं थांबलं. अंगाचं कापरं थांबलं. तलफ चढता चढता मधेच दमली आणि खाली बसली. काडीनं बोट भाजलं तेव्हा मी भानावर आलो.

मी जेवलो नव्हतो. म्हणजे दुसरं कुणीतरी जेवलं. आणि ते इतका वेळ उपाशी होतं.

मी फोन लावला.

"कुठं आहेस?"

"महादेवाच्या देवळात. मिरजेहून येता येता उतरलेय." मागं घंटा वाजत होती.

"आत्ता काय खाल्लंस?"

तिनं बारीक आवाजात उलट मलाच विचारलं, "तुम्ही ओढली का?"

"नाही."

"खरं सांगा."

"ओढली असती तर तुला कळलं नसतं का?"

ती रडायला लागली.

गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात गेलो, तर महानंदा नंदीच्या मागं भिंतीला टेकून बसलेली. हातात द्रोण, द्रोणात गव्हाच्या चुरम्याचे चार कण. हनुवटीला तूप लागलेलं. समोर पूजेचं ताट तसंच, निरांजन न पेटवलेलं.

"सोळा सोमवार धरले होते," ती म्हणाली. "गिरिजासाठी. दिवसभर काही नाही, पाणीसुद्धा नाही, संध्याकाळी पूजा झाली की चुरमा. आता थोडेच राहिले होते. आज पूजेला बसले आणि तुमची आली. अशी कधी आली नव्हती. महादेवाच्या पिंडीसमोर बसून मला सिगारेट ओढावीशी वाटत होती हो! आणि मग डोक्यात लख्ख पडलं. दर सोमवारी माझी भूक चढते तेव्हाच तुमची ही चढते. माझीच तुमच्याकडं जात होती. मी तिकडं तुम्हाला भुकेनं मारत होते आणि इकडं देवाला म्हणत होते, पोरीला वाचव." तिनं द्रोणाकडं बघितलं. "नैवेद्य दाखवायच्या आधी खाल्लं मी. मुठीनं खाल्लं. मोडलं सगळं."

मी येताना तिला काय काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. आणि बोललोही. "अगं, पण त्या पोरीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं! डाएट करता का म्हणून!"

"हे काय डाएट आहे होय?" ती उसळून म्हणाली. "हा उपवास आहे!"

आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं हेच सांगितलं असतं. मी तिच्या शेजारी बसलो.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही देवाधर्माला नावं ठेवता. डॉक्टर रागावले असते. आणि मी दुसरं काय करणार होते? तुम्ही किडनी देताय. जावई पैशाचं बघतोय. मी त्या खोलीत चार-चार तास बसून पोरीचं रक्त नळीतून जाताना बघते. हाताला काम नाही. उपास तरी केला."

मला भयंकर लाज वाटली, आणि तिची इतकी माया आली की काय करावं कळेना. आमच्या घरात आजवर किती उपास झाले असतील! संकष्ट्या, सोमवार, माझ्या पहिल्या नोकरीसाठी, माझ्या टायफॉइडसाठी. मी शेजारी बसून तिच्या वाटची साबुदाण्याची खिचडी खाल्ली, परत वाढ म्हटलं. उपास म्हणजे खिचडी, एवढीच माझी समजूत. तिच्या पोटात चार वाजता काय खणलं जातं, हे मला एका यंत्रानं सांगावं लागलं.

"पहिल्यापासून धर," मी म्हटलं.

"सोळा व्हायच्या आधी तारीख येतेय."

"येऊ दे. उरलेले नंतर. मीपण धरतो."

"तुम्ही?" ती रडायची थांबली. "कशाला? देवासाठी?"

"देवाचं मला माहीत नाही. पण तुझी निम्मी भूक तशीही माझ्याकडं येतेय. फुकट कशाला सोसू? माझ्या नावावर तरी लागू दे."

ती हसली. रडत रडत हसली. मग निरांजन पेटवलं, आणि जे काही उरलं होतं त्याचा नैवेद्य दाखवला.

ऋचाला सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. तिनं सोमवारी पट्टी बंद ठेवायचा पर्याय दिला, पण मग तलफ अख्खी माझी. महानंदा म्हणाली, "बंद करा, ह्यांना माझा त्रास नको." मी नाही म्हटलं. शेवटी डॉक्टरांच्या परवानगीनं ठरलं, की दोघांनी पाणी प्यायचं, दुपारी दोघांनी एकाच वेळी दूध आणि एकेक केळं घ्यायचं, बाकी उपास. पाण्यावरून तिनं पुष्कळ कटकट केली. पण केलं.

त्या सोमवारांसारखे सोमवार मी पाहिले नाहीत. मीही तिच्याबरोबर मिरजेला जायचो. ती आत गिरिजाजवळ, मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर, मध्ये भिंत. दुपार झाली की आमची भूक यायची. माझी कुठली आणि तिची कुठली ते कळायचं नाही. दोन्ही बाजूंनी यायची, म्हणून मधोमध सपाट व्हायची. आश्चर्य म्हणजे तलफ आलीच नाही असं एका सोमवारी माझ्या लक्षात आलं. मी तिला सांगायला दारातून डोकावलो. तिला आधीच कळलं होतं.

"अप्पा, तुम्ही दोघं हसताय कशाला?" गिरिजानं खुर्चीवरून विचारलं.

"तुझ्या आईला विचार," मी म्हटलं.

रक्त त्या आठवड्यातही तपासलं आणि ऑपरेशनच्या तोंडावरही. धुराचा अंश नाही. काट्यावर उभा राहिलो, डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि पाठीवर थाप मारली.

ऑपरेशनच्या सकाळी ऋचा पट्ट्या काढायला आली. तिनं आधी महानंदाची काढली, मग माझी. "काका, आता परत लावायची गरज नाही. तुमच्या लाटा एकट्यानं सोसण्याइतक्या झाल्यात."

मी हो म्हटलं. पण कानामागं ती जागा गार पडली आणि मला एकदम एकटं वाटलं. महानंदा समोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती, आणि तिच्या पोटात काय चाललंय ते मला कळत नव्हतं. स्ट्रेचर हललं तेव्हा तिनं माझ्या पायाला हात लावला. मग दिवे, आणि मग काही नाही.

जाग आली तेव्हा कूस दुखत होती आणि घसा कोरडा पडला होता. कुणीतरी सांगत होतं, की किडनी जोडल्याजोडल्या टेबलावरच चालू झाली. गिरिजा शेजारच्या खोलीत आहे. बरी आहे. तिच्या गालाला रंग आलाय. मी ते तीनदा सांगायला लावलं.

मग महानंदाला आत सोडलं. ती खुर्ची ओढून बसली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. बाहेर ऊन कलत होतं, म्हणजे सगळा दिवस गेला होता. मी सवयीनं माझ्या पोटात शोधलं. माझ्या पोटात फक्त माझं पोट होतं.

"जेवलीस का?" मी विचारलं.

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिनं मला हजारदा विचारला असेल. मी तिला पहिल्यांदा विचारत होतो.

"हो," ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. कळायला दुसरा मार्ग नव्हता. ओठ कोरडे होते. हात पदराशी चाळा करत होता.

"खोटं बोलतेस."

"तुम्ही दोघं बाहेर आल्याशिवाय घास उतरेना हो."

"जा. खाली कँटीन आहे. आधी खाऊन ये, मग बस."

ती गेली. मी छताकडं बघत पडून राहिलो. ती आली तेव्हा तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "काय खाल्लंस? सगळं सांग."

तिनं सांगितलं. दोन इडल्या घेतल्या, गार होत्या. चटणी आंबट होती, त्यात डाळं जास्त झालं होतं. मग चहा घेतला, तो बरा होता. मग आणखी एक इडली मागितली. मी सगळं ऐकून घेतलं.